मंगळावर २ मेगापिक्सेल का पुरतात, आणि तुमच्या रोव्हरला नेमकं काय लागेल

लातूरहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आमची टीम स्पर्धेसाठी सहा चाकांचा रोव्हर बनवतेय. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या मास्टवरचा, म्हणजे उभ्या खांबावरचा, मुख्य कॅमेरा फक्त २ मेगापिक्सेलचा आहे असं वाचलं. माझा मोबाइल १०८ मेगापिक्सेलचा आहे. एवढा खर्च करून नासा इतका साधा कॅमेरा का पाठवते? आणि आम्ही ४के वेबकॅम घ्यावा, की घरातला जुना मोबाइलच मास्टवर बसवावा?"

मी वाळूज एमआयडीसीत मशीन व्हिजनचं काम करतो. कारखान्याच्या लाइनवर कॅमेरे बसवायचे आणि समोरून जाणारा जॉब पास की रिजेक्ट हे त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं, असं हे काम. शिवाय मंगळावरून येणारे कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते. ते उतरवून घेणं, जोडणं, त्यांचे रंग तपासणं हा माझा जुना नाद आहे. आपल्या भागातल्या काही कॉलेजांच्या रोव्हर टीमना कॅमेऱ्यापुरती मदतही करतो. या सगळ्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही मेगापिक्सेलबद्दल विचारलंय, पण मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. मोबाइलचा कॅमेरा माणसाच्या डोळ्याला आवडेल असा फोटो बनवतो. रोव्हरच्या कॅमेऱ्याला प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. समोरचा दगड किती लांब आहे? चाक त्यावर चढेल का? हा तांबूसपणा खडकाचा, की वर बसलेल्या धुळीचा? कॅमेरा इथे मोजण्याचं साधन आहे, व्हर्नियर किंवा गेजच्या रांगेत बसणारं. म्हणून कुठला कॅमेरा घ्यायचा हे ठरवण्याआधी त्याच्याकडून कुठलं उत्तर हवंय ते ठरवावं लागतं. कारखान्यातही पहिल्या भेटीत मी कॅमेऱ्याचा विषय काढत नाही. कुठला दोष पकडायचा आणि तो किती मिलिमीटरचा, एवढंच विचारून घेतो.

तुमचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून राहील. रोव्हर स्वतःहून चालणार की तंबूत बसून कुणी चालवणार, वायरलेस किती अंतरावर टिकतं, वर कुठला छोटा संगणक आहे, स्पर्धा कोणत्या महिन्यात आहे, यातलं काही प्रश्नात आलेलं नाही. जिथे या गोष्टींनी उत्तर बदलेल तिथे तसं सांगत जातो.

आधी मंगळाचा हिशेब. पर्सिव्हिअरन्सच्या आधीचा रोव्हर क्युरिऑसिटी ज्या ऑर्बिटरमार्फत, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानामार्फत, डेटा पाठवतो, तो ऑर्बिटर आकाशात एका वेळी साधारण आठ मिनिटंच असतो. तेवढ्या वेळात १०० ते २५० मेगाबिट डेटा वर जातो, असा नासाचा अंदाज आहे. आता गुणाकार करा. २ मेगापिक्सेलचा फोटो १६०० गुणिले १२०० चा, म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल. प्रत्येकी ८ बिट धरले तर एका फोटोचे जवळपास १५.४ मेगाबिट. म्हणजे न दाबलेले सहा ते सोळा फोटो एका फेरीत बसतात, तेही बाकी कुठल्याच उपकरणाला एक बिटही दिला नाही तर. हाच हिशेब १०८ मेगापिक्सेलचा केला तर एका फोटोचे ८६४ मेगाबिट होतात, आणि चांगल्यात चांगल्या दिवशीही एकच फोटो उतरवायला तीनपेक्षा जास्त फेऱ्या लागतील. जेपीईजीसारखं दाबून हा आकडा बराच खाली येतो हे खरं, पण दोन्हीकडे तो सारख्याच प्रमाणात येतो.

म्हणून तिथे पद्धतच अशी ठेवली आहे की पूर्ण फोटो रोव्हरवरच साठवायचे आणि आधी त्यांचे छोटे नमुने पाठवायचे. पृथ्वीवरची माणसं ते बघून ठरवतात की कुठला फोटो पूर्ण हवाय. ही पद्धत लक्षात ठेवा, तुमच्या रोव्हरसाठी तिचा उपयोग पुढे सांगणार आहे.

बिटांबद्दल आणखी एक बारकावा, मला तो फार आवडतो. सेन्सरमधून निघणारा प्रत्येक पिक्सेल ८ पेक्षा जास्त बिटांचा असतो. तो ८ बिटांत बसवताना सरळ भागाकार करत नाहीत. वर्गमूळाच्या चालीची एक सारणी वापरतात: अंधाऱ्या भागात बारीक पायऱ्या, उजेडाच्या भागात मोठ्या. कारण असं की प्रकाश कण-कण येतो आणि त्यातला आपसूक चढउतार प्रकाशाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. झगझगीत भागात बारीक पायऱ्या ठेवल्या तर त्या चढउतारच मोजत बसतील. बिट वाचले आणि माहिती जवळपास काहीच गेली नाही. प्रत्येक बिटाचा असा विचार मोबाइलला कधी करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट पिक्सेलच्या आकाराची. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्सच्या मास्ट कॅमेऱ्यांच्या सेन्सरमधला एक पिक्सेल ७.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. १०८ मेगापिक्सेलच्या मोबाइलमध्ये तो साधारण ०.८ मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान असतो. क्षेत्रफळात ८५ पट फरक पडला. लहान पिक्सेलला प्रकाश कमी मिळतो, म्हणून बहुतेक मोबाइल तसे नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात आणि वरून सॉफ्टवेअरने त्याला धार चढवतात. दिसायला छान दिसतं. पण मोजायला बसलात की एखादी कड खरोखर तिथे होती की सॉफ्टवेअरने उठवली, हे कळायला मार्ग राहत नाही.

तिसरी गोष्ट लेन्सची, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर इथेच आहे. तपशील ठरतो एका पिक्सेलच्या वाट्याला किती कोन येतो यावर. पर्सिव्हिअरन्सचा मास्टकॅम-झेड, म्हणजे तुम्ही विचारलेला मास्टवरचा कॅमेरा, झूम लेन्सचा आहे, २६ ते ११० मिलिमीटर. पूर्ण झूमवर त्याच्या चौकटीत आडवे जेमतेम सहा अंश मावतात, आणि ते १६०० पिक्सेलमध्ये वाटले जातात. त्यामुळे १० मीटरवरच्या दगडावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. मोबाइलचा मुख्य कॅमेरा मात्र ७० अंशांच्या आसपास पसरलेला असतो. त्याच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत, म्हणजे आडव्या ४००० पिक्सेलमध्ये, त्याच १० मीटरवर एक पिक्सेल ३ मिलिमीटरच्या वर जातो. २ मेगापिक्सेलवाला इथे चारपट बारीक बघतो. रुंदी हवी असेल तेव्हा मास्ट फिरवायचा, फोटोंची रांग लावायची आणि जोडून पॅनोरमा करायचा. रोव्हर एका जागी उभा असतो, घाई नसते.

आणि १६०० गुणिले १२०० चाच सेन्सर का राहिला? क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्यांचा आराखडा २००४ च्या सुमाराचा. तो सेन्सर थंडीत, धुळीत, किरणोत्सारात कसा वागतो हे मंगळावर वर्षानुवर्षं पाहिलं गेलं होतं. पुढच्या रोव्हरवर तोच ठेवून लेन्स झूमची केली. ज्याचा स्वभाव पूर्ण माहीत आहे असं साधन बदलायला फार मोठं कारण लागतं. मला हा निर्णय पटतो.

आता याची दुसरी बाजू. पर्सिव्हिअरन्सवर २ मेगापिक्सेलचेच कॅमेरे आहेत असं मुळीच नाही. मोहिमेत एकूण २३ कॅमेरे होते, त्यातले काही फक्त उतरण्याच्या वेळेसाठी. चालण्याच्या कामाचे, वाट शोधणारे नॅव्हकॅम आणि जवळचे अडथळे टिपणारे हॅझकॅम २० मेगापिक्सेलचे रंगीत आहेत. क्युरिऑसिटीवर हेच कॅमेरे १ मेगापिक्सेलचे कृष्णधवल होते. मात्र पर्सिव्हिअरन्सचा मुख्य संगणक २० मेगापिक्सेलचा फोटो एका घासात घेत नाही. तो १२८० गुणिले ९६० च्या तुकड्यांत घ्यावा लागतो, पूर्ण फोटोचे सोळा तुकडे. आणि गाडी चालवायला सगळी चौकट हवी असेल तर फोटो लहान करून घेतात, चारास एक या प्रमाणात.

मोबाइलसारखा कॅमेराही मंगळावर गेला आहे. इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरवर १३ मेगापिक्सेलचा, मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा रंगीत कॅमेरा होता, आणि प्रोसेसरही मोबाइलचाच, स्नॅपड्रॅगन ८०१. पण उडताना दिशा राखायला तो वापरला का? नाही. त्यासाठी खाली बघणारा ६४० गुणिले ४८०, कृष्णधवल, ग्लोबल शटरचा वेगळा कॅमेरा होता. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात-मिटतात. मोबाइलच्या रोलिंग शटरमध्ये ते ओळीओळीने उघडतात, त्यामुळे हलत्या गाडीवरून काढलेला उभा खांब तिरका दिसतो. बघणाऱ्याला ते चालून जातं, मोजणाऱ्याला नाही.

इन्जेन्युइटीची सहावी फेरी, २२ मे २०२१ ची, प्रत्येक रोव्हर टीमने अभ्यासावी असं मला वाटतं. उड्डाणात मध्येच त्या लहान कॅमेऱ्याची एक चौकट (फ्रेम) हरवली. एकच. पण तिच्यानंतरच्या प्रत्येक चौकटीवर चुकीच्या क्षणाचा शिक्का बसत गेला. संगणकाला वाटे आपण अमुक क्षणी इथे आहोत, प्रत्यक्षात फोटो दुसऱ्याच क्षणाचा. हेलिकॉप्टर हेलकावे खायला लागलं आणि कसंबसं, ठरलेल्या जागेपासून पाचेक मीटरच्या आत उतरलं. पिक्सेल सगळे शाबूत होते, घोटाळा वेळेचा होता. तुमच्या रोव्हरवर दोन कॅमेरे दोन वेगळ्या यूएसबीवर असतील आणि त्यांच्या चौकटी एकाच क्षणाच्या नसतील, तर नेमकं हेच होईल.

आता अंतराकडे येतो, कारण तुमचा रोव्हर थोडाफार जरी स्वतःहून चालणार असेल तर सगळा डोलारा यावरच उभा आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला जा, म्हणजे दोन कॅमेरे का लागतात ते कळेल. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, ज्याला बेसलाइन म्हणतात, पर्सिव्हिअरन्सच्या नॅव्हकॅममध्ये ४२.४ सेंटिमीटर आहे. एका पिक्सेलचा कोन साधारण ०.३३ मिलिरेडियन, म्हणजे एका अंशाचा जवळपास पन्नासावा भाग. दोन फोटोंतला तोच बिंदू जुळवताना अर्ध्या पिक्सेलची चूक धरली, तर १० मीटरवर अंतरात सुमारे ४ सेंटिमीटरची चूक येते. १०० मीटरवर मात्र ४ मीटरची. अंतर दहापट झालं की चूक शंभरपट होते, कारण ती अंतराच्या वर्गाने वाढते. लांबच्या टेकडीचं अंतर नॅव्हकॅमला विचारून उपयोग नाही आणि कुणी विचारतही नाही.

तुमच्या मापात बघू. ६ सेंटिमीटर बेसलाइन, ६४० पिक्सेल, ७० अंशांची लेन्स, असा संच स्वस्तात मिळतो. त्याला ५ मीटरवर अर्ध्या पिक्सेलमागे ४० सेंटिमीटरची चूक आहे. खड्डा कुठे सुरू होतो हेच कळणार नाही. बेसलाइन १२ सेंटिमीटर केली आणि आडवे १२८० पिक्सेल घेतले, की तीच चूक १० सेंटिमीटरवर येते. एवढ्यावर रोव्हर वळवता येतो. म्हणून मेगापिक्सेलवर खर्च करण्याआधी दोन कॅमेरे बसवायची पट्टी लांब करा, ती जवळपास फुकट आहे. फार लांबही नको, नाहीतर चाकापुढचा दगड दोन्ही कॅमेऱ्यांत एकदम दिसणार नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. प्रज्ञान रोव्हर अवघा २६ किलोचा, आणि त्याच्या पुढच्या बाजूला दोन नॅव्हकॅम, बंगळुरूच्या 'लिऑस' या इस्रोच्या प्रकाशीय प्रयोगशाळेने बनवलेले. फोटो खाली येत, इथे त्यांच्यापासून जमिनीचा उंच-सखलपणा काढत, मग पुढची वाट ठरे. २७ ऑगस्टला समोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं एक विवर आढळलं आणि रोव्हरला मागे फिरवून दुसरी वाट दिली. हे दोन कॅमेरे जगातले सर्वात तीक्ष्ण कॅमेरे नव्हेत. ३ मीटरवर खड्डा आहे की सपाटी, एवढं उत्तर त्यांनी खात्रीने दिलं, आणि ते त्या दिवशी हवं होतं.

जुन्या मोबाइलबद्दलचा माझा मुख्य आक्षेपही इथूनच येतो. अंतर मोजायचं तर लेन्स आणि सेन्सर यांचं नातं पक्कं हवं. मोबाइलमध्ये फोकस आपोआप सरकतो, आणि स्थिरीकरण असेल तर लेन्स स्वतःच हलते. काल केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात मापांशी कॅमेरा जुळवून घेणं, आज लागू राहील याची हमी नाही. स्टिरिओसाठी, म्हणजे दोन कॅमेऱ्यांनी अंतर मोजायला, मोबाइल घेऊच नका. दगड-मातीच्या जवळच्या फोटोंसाठी मात्र तो कामाला येतो, जर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करता येत असतील आणि कच्ची फाइल साठवता येत असेल तर.

रंगाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण विद्यार्थी-टीम इथे सर्वात जास्त गाफील असतात. १९७६ च्या जुलैमध्ये व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. तिथला पहिला रंगीत फोटो घाईत तयार झाला तेव्हा आकाश निळं दाखवलं गेलं होतं. नंतर यानावरच्या रंगपट्ट्यांशी ताळमेळ घातल्यावर ते गुलाबीसर, धुळकट निघालं. इतक्या जाणत्या लोकांच्या हातूनही डोळ्याची सवय रंग ठरवून गेली. तेव्हापासून प्रत्येक रोव्हरवर ज्ञात रंगांचे ठोकळे असलेलं कॅलिब्रेशन टार्गेट असतंच, आणि महत्त्वाच्या फोटोंच्या आगेमागे त्याचाही फोटो काढतात. मास्टकॅम-झेडच्या टार्गेटमध्ये रंगीत वर्तुळांखाली छोटे चुंबक बसवले आहेत. मंगळाची धूळ चुंबकीय, ती कडेच्या वलयाला ओढली जाते आणि मधला भाग त्यातल्या त्यात स्वच्छ राहतो. धुळीला हरवण्याची इतकी साधी युक्ती मी दुसरी पाहिली नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या स्पर्धेत एवढं कशाला? एक प्रयोग करा. लातूरच्या बाहेर कुठल्याही उघड्या माळावर जा आणि तांबड्या मुरमाने पूर्ण चौकट भरेल असा मोबाइलने फोटो घ्या. मग त्याच मुरमावर एक करडं कार्ड ठेवून पुन्हा घ्या. पहिल्या फोटोत मोबाइलला वाटतं की उजेडच तांबूस आहे, आणि तो तांबडेपणा कमी करून टाकतो. आपल्या बेसाल्टमधलं लोह हवेपाण्याने गंजून मुरमाला जो रंग येतो तीच तर विज्ञानाची माहिती, आणि कॅमेऱ्याने ती पुसून टाकली. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, त्याच कुळातले ज्वालामुखीचे खडक जेझेरो विवराच्या तळाशी पर्सिव्हिअरन्सला सापडले. म्हणजे आपलं माळरान सरावाला उत्तम आहे, फक्त ते खऱ्या रंगात टिपलं पाहिजे. मास्टकॅम-झेड तर आणखी पुढे जातो. निरनिराळ्या गाळण्या लावून तो डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त पट्ट्यापर्यंत बघतो. हेमटाइट हे लोहाचं खनिज ८६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन ही बेसाल्टमधली खनिजं १००० नॅनोमीटरच्या आसपास. डोळ्याला दोन खडक सारखेच काळे दिसत असले तरी तिथे ते वेगळे पडतात.

तुमच्यासाठी रोव्हरच्या पाठीवर एक करडं कार्ड, चार-पाच मॅट रंगांचे ठोकळे आणि मिलिमीटरची पट्टी पुरे. प्रत्येक जागी पहिला फोटो त्यांचा. परीक्षकांना तुमचा फोटो आवडेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण "हा रंग खरा कशावरून?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.

इथवरचं थोडक्यात: वायरलेसच्या दुव्यात मावेल तेवढंच पाठवायचं, तपशील लेन्सच्या कोनातून मिळवायचा, अंतर बेसलाइनमधून, आणि रंगाचा भरवसा टार्गेटमधून.

मग तुम्ही काय घ्यावं? रोव्हर काही प्रमाणात स्वतः चालणार असेल तर पुढे दोन एकसारखे, कृष्णधवल, ग्लोबल शटरचे, १ मेगापिक्सेलच्या आसपासचे कॅमेरे, एकाच ट्रिगरवर, १२ ते १५ सेंटिमीटर अंतराने. तुमची अर्धीअधिक रक्कम यात जाऊ द्या. तंबूतून माणूसच चालवणार असेल तर स्टिरिओ सोडून द्या. पुढे एक रुंद लेन्सचा, मागे एक आणि हाताच्या टोकाला एक, असे साधे कॅमेरे चालतील. मास्टवर फिरणारा एक रंगीत कॅमेरा दोन्ही बाबतीत हवा, पण लेन्स अरुंद घ्या, २० ते ३० अंशांची. रुंद लेन्स लावून लांबचा फलक वाचायचा प्रयत्न करणाऱ्या टीम मी पाहिल्यात. ४के घेऊनही ते वाचता येत नाही.

४के चलतचित्र वायरलेसवरून पाठवायचा हट्ट सोडा. अंतर वाढलं, मध्ये बांध किंवा टेकाड आलं, की चित्र अडकतं, आणि चालवणारा दोन सेकंदांपूर्वीचा रस्ता बघत गाडी चालवत राहतो. चालवण्यासाठी ६४० गुणिले ४८०, सेकंदाला १५ चौकटी पुरतात. मोठा फोटो रोव्हरवरच साठवा, छोटा नमुना आधी खाली आणा, आणि हवा असेल तोच पूर्ण मागवा. मंगळाचीच पद्धत.

जमिनीचाही विचार करा. चाकं किती घसरली हे कॅमेऱ्याने ओळखायचं तर जमिनीवर खुणा लागतात. इन्जेन्युइटीची शेवटची, बहात्तरावी फेरी १८ जानेवारी २०२४ ला झाली. खाली गुळगुळीत वाळूच्या लाटा होत्या, मागोवा घ्यायला खुणा कमी पडल्या, उतरताना वेगाचा अंदाज चुकला आणि पाती मोडली. क्युरिऑसिटीच्या चाकांना मुद्दाम छिद्रं ठेवली आहेत. मातीवर उमटणारा तो मोर्स लिपीतला ठसा मागे वळून मोजला की किती अंतर खरंच कापलं ते कळतं. आपली काळी माती ढेकळांची असते तेव्हा खुणा भरपूर मिळतात. वखर-पाळी होऊन बारीक झालेल्या रानात मात्र तुमचा कॅमेरा गोंधळेल. सराव दोन्हीकडे करा.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मधली दुपार म्हणजे बेचाळीस अंशांचं ऊन, आणि रोव्हरचा काळा भाग त्याहून कितीतरी तापतो. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा ब्रॅकेट करून त्यावर स्टिरिओ कॅमेरे बसवणं ही अगदी नेहमीची चूक. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण त्याआधीच स्क्रूच्या ताणाखाली हळूहळू वाकायला लागतं. १२ सेंटिमीटर बेसलाइनमध्ये एक कॅमेरा दशांश एक अंशाने जरी वळला तरी ५ मीटरवर ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो. पट्टी ॲल्युमिनियमची घ्या. लेन्सला लॉक-नट घट्ट करा, कारण मुरमावरच्या हादऱ्याने लेन्सचे आटे फिरतात. पुढे छोटी टोपी लावा, म्हणजे तिरपं ऊन काचेवर येणार नाही. फुफाट्यासाठी सपाट काचेचं झाकण लावा, आणि कॅलिब्रेशन त्या काचेसकट करा. काच नंतर लावली तर केलेलं कॅलिब्रेशन जाईल.

काही विकत घेण्याआधी, हातात असलेल्या कुठल्याही दोन एकसारख्या वेबकॅमवर एवढं करून बघा. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ते घट्ट बसवा. मॅट कागदावर छापलेला चौकटींचा पट जाड काचेवर सपाट चिकटवून कॅलिब्रेशन करा. मग १, २, ३ आणि ५ मीटरवर खोकी ठेवा, टेपने अंतर मोजा आणि कॅमेऱ्याने आलेलं अंतर शेजारी लिहा. त्यानंतर पट्टी रोव्हरवर चढवून दुपारच्या उन्हात तासभर मुरमावरून फिरवा आणि तीच खोकी पुन्हा मोजा. पहिल्याच मापात ५ मीटरवर चूक मोठी असेल तर बेसलाइन किंवा पिक्सेल कमी पडतायत. पहिलं माप चांगलं आणि दुसरं बिघडलेलं असेल तर ब्रॅकेट किंवा लेन्स हलतेय, महाग कॅमेरा घेऊन ते सुटणार नाही. दोन्ही तक्ते, लेन्सचा कोन आणि वर कुठला संगणक आहे ते इथे टाका. मग कुठल्या कॅमेऱ्यावर किती खर्च करायचा ते आकड्यांवरून ठरवू.